एक्केचाळीस दसऱ्यांचा दोरा

गाडी पाचच्या आत स्वतःच्या इंजिनावर सोसायटीबाहेर पडली. पण ते तूर्त झालंच नाही असं समजू. कोथरूडच्या त्या सोसायटीत आत्ता पावणेपाच वाजले होते, भंगाराचा टेम्पो फाटकात उभा होता आणि बद्रीनाथांच्या वडिलांनी बासष्ट साली घेतलेल्या गाडीला एकही गिअर पडत नव्हता.

"ठराव स्पष्ट आहे," सेक्रेटरी सुशीलाबाई म्हणाल्या. "पाचपर्यंत स्वतः बाहेर न पडणारं वाहन भंगारात."

"अहो, मला घड्याळ कळतं."

"गिअर कळतात का बघा."

बद्रीनाथांनी इंजिन बंद करून गिअरचा दांडा ओढला. तरी हलेना. म्हणजे दोष क्लचचा नव्हता. बॉनेट उघडून त्यांनी दांड्याची सळई सोडवली आणि गिअरबॉक्सचा खटका हाताने हलवला. तो अलगद फिरला. म्हणजे गिअरबॉक्सही ठणठणीत. अडलं होतं मधेच, सळयांच्या सांध्यात.

"बाबा, इथे घरटं आहे," टॉर्च धरलेली त्यांची मुलगी अपूर्वा म्हणाली.

घरटं नव्हतं. दर दसऱ्याला बद्रीनाथ झेंडूचा हार बॉनेटवर न घालता आत सळयांना बांधत. मान राबणाऱ्याचा, मिरवणाऱ्या पत्र्याचा नाही. फुलं गळत, दोरा राही. पूजेचा, म्हणून तोडायचा नाही. कालच्या एक्केचाळिसाव्या हाराने सांधा पार आवळला होता.

"बाबा, सात मिनिटं."

त्यांनी हात जोडले आणि ब्लेड चालवलं. सळई जोडली. दांडा हलला, जरा जास्तच. सांध्यातलं बुश, सळई घट्ट धरणारं कडं, केव्हाच झिजून संपलं होतं. इतकी वर्षं त्याचं काम तो दोराच करत होता. आता पहिला पडेना, दुसरा पडेना. घामेजल्या हाताने दाबून ओढल्यावर एकच पडला.

रिव्हर्स.

पाच वाजायला दोन मिनिटं. पुढे पन्नास पावलांवर फाटक, मागे सहा पावलांवर कुंपणाची भिंत, गाडी वळवायला जागा नाही.

"भिंतीपलीकडे कोणी आहे का बघ."

अपूर्वा टाचा उंचावून डोकावली. "कोणी नाही. पण बाबा, तुम्ही—"

"बाजूला हो."

त्यांनी क्लच सोडला.

धुरळा बसल्यावर सुशीलाबाईंनी विटांवरून वाकून पाहिलं. गाडी रस्त्यावर होती. घड्याळात चार एकोणसाठ.

"फाटकातून जायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

बद्रीनाथांनी गाडीच्या टपावर कागद ठेवून तिथल्या तिथे अर्ज लिहिला:

"मा. सेक्रेटरी यांस, पश्चिम कुंपणास आज सायंकाळी पडलेल्या भगदाडास मुख्य प्रवेशद्वार म्हणून पूर्वलक्षी प्रभावाने मान्यता देण्यात यावी, तसेच जुन्या फाटकाची यापुढे भिंत म्हणून नोंद व्हावी, ही नम्र विनंती."