दर दोन तासांनी

चाळीस वर्षं तान्ह्या बाळांच्या वॉर्डात काढलेल्या बाईला पिल्लं कशी जगवायची हे सांगायची कुणाची टाप होती? निवृत्त झाली तरी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची, आणि घरात सिस्टर म्हणेल ती पूर्व दिशा.

तिच्या आठ वर्षांच्या नातीनं पाळलेल्या कापशीला, म्हणजे पांढऱ्या सशाच्या मादीला, पाच पिल्लं झाली. कापशीनं स्वतःच्या पोटाचे केस उपटून खोक्यात गादी केली, पिल्लं तिच्यात झाकली आणि जी बाजूला झाली ती दिवसभर तिकडे फिरकली नाही. पिल्लं बिनकेसांची, डोळे मिटलेली, आणि ही बया खुशाल गवत चघळत बसलेली! दुसऱ्या सकाळी पिल्लांची पोटं टम्म दिसली. उपाशीपोटी वारा धरलाय, असं निदान करून सिस्टर मोकळी झाली.

असली एक आई तिनं घरातच पाहिली होती. मुलगा अपघातात गेल्यावर सून परगावच्या कापड गिरणीत लागली, तिथंच वसतिगृहात राहिली आणि पोरीला आजीपाशी ठेवलं. दर रविवारी यायची, पोरीची वेणी घालायची, चार घास भरवायची आणि तासाभरात परत. ती गेली की पोर रडून रडून झोपायची. शेवटी सिस्टरनं दारातच सुनावलं, की तासाभराचं आईपण मला नको, राहायचं तर राहा, नाहीतर येऊ नकोस. त्यानंतरचे दोन रविवार सून आली, दारावर थाप मारत राहिली. दोन्ही वेळा नात शेजारी खेळायला गेलेली होती. सिस्टरनं दार उघडलं नाही. तिसऱ्या रविवारी कुणी आलं नाही. आईला सवड नाही, असं तिनं नातीला सांगितलं.

तर सिस्टरनं कापशीला न्हाणीघरात कोंडलं, पिल्लं टोपलीत घेतली, खाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. दर दोन तासांनी गजर लावून ड्रॉपरनं दूध. भिंतीवर तक्ताही लावला. वॉर्डात अशीच किती लेकरं तिनं मरणाच्या दारातून ओढून आणली होती.

"आजी, कापशी पहाटे दार खरवडते गं," नात म्हणाली. सिस्टरनं तिला गप्प केलं, नाटकं असतात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक पिल्लू गेलं. तिसऱ्या दिवशी तीन. उरलेलं एक टोपलीत घालून दोघी जनावरांच्या डॉक्टरकडे धावल्या. त्यानं पिल्लाचं पोट चाचपलं, आई कुठाय विचारलं, आणि सिस्टरनं सांगितलं ते ऐकून डोक्याला हात लावला.

"अहो सिस्टर, सशाची आई दिवसातून एखाद्या वेळीच पाजते, बहुतेक पहाटे, चार-पाच मिनिटं. तेवढं त्यांना दिवसभर पुरतं, वरचं दूध सोसत नाही. बाकीचा वेळ ती मुद्दाम लांब राहते, तिच्या मागावरून कुणी पिल्लांपाशी पोचू नये म्हणून. सोडलेलं नसतं तिनं."

सिस्टरला त्या सकाळची टम्म पोटं आठवली. पिल्लं पोटभर पिऊन झोपली होती, आणि आपण त्यांना आजारी ठरवलं.

घरी येईपर्यंत पाचवंही थंड पडलं होतं. नात रडली नाही. टोपली मांडीवर घेऊन तिनं आजीकडे बघितलं.

"आजी, माझी आईसुद्धा आली होती का गं?"

किती आईबापांना तोंडावर वाईट बातमी सांगितलेली बाई ती. आता खोटं बोलायला मात्र जीभ उचलेना.

"आली होती," ती म्हणाली. "दोनदा."

नात उठली. टोपली घेऊन न्हाणीघरात कापशीपाशी गेली आणि तिनं आतून कडी लावली. सिस्टरनं हाक मारली, दारावर थाप मारली, परत मारली. आतून कुणी उघडलं नाही. मागे स्वयंपाकघरात दोन तासांचा गजर वाजायला लागला, आणि तो बंद करायलाही ती दारापासून हलली नाही.