माझ्या काडीवरची चंद्राबाई

विजयमाला माझ्या डोळ्यांत सलायची आणि ते मी लपवतही नव्हते. साताऱ्याच्या आमच्या वैद्यकशाळेत शेवटच्या वर्षाला मुली अशा दोघीच, ती आष्ट्याची आणि मी वाईची. त्यामुळे वर्गात, जेवायला, रुग्णालयात, बघावं तिथे तीच समोर.

शेवटच्या वर्षी एकीकडे प्रबंध लिहायचा आणि दुसरीकडे रुग्णालयातली पाळी सांभाळायची. मी पाळी उरकून ग्रंथालयात पळायची, तिथून धापा टाकत परत पाळीला, आणि दोन्हीकडे उशीर झालेलाच. विजयमाला मात्र बायकांच्या खोलीतच खिडकीशी बसून लिहायची. लिहिता लिहिता कुणाला पाणी द्यायची, कुणाच्या सुनेची चौकशी करायची. तिला धाप लागलेली मी कधी पाहिली नाही, आणि चीड यायची ती त्याचीच. मी पाळीला गेले की बायका विचारायच्या, "माळा न्हाई आली व्हय?" जणू मी म्हणजे कोपऱ्यातला झाडू.

प्रबंधात मात्र मी तिला मागे टाकलं. माझा विषय होता नारू. खटावकडे पायऱ्यांच्या विहिरींचं पाणी पिणाऱ्यांच्या पायातून हा दोऱ्यासारखा किडा निघतो. त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज सहज येईल तेवढाच ओढून घ्यायचा. घाई केली की तो आत तुटतो आणि पाय सुजून पिकतो. आमच्या गुरुजींचा, विष्णुपंतांचा, यावर कडक नियम होता. ज्या हाताने काडी लावली त्याच हाताने ती शेवटपर्यंत फिरवायची. दुसऱ्या हाताला ओढ समजत नाही, असं ते म्हणत.

वडूजची चंद्राबाई माझ्या काडीवर होती. एरवी कुणाला अंगाला हात लावू न देणारी ही म्हातारी मला बघताच ओलं फडकं स्वतः बाजूला करून पाय पुढे करायची. त्या अख्ख्या खोलीत माझी म्हणावी अशी ती एकटीच. तिच्यावर मी कुणाची सावली पडू देत नव्हते.

विष्णुपंतांनी सांगलीच्या वैद्यसंमेलनात वाचायला माझा प्रबंध निवडला. तिथल्या एका नव्या रुग्णालयाला बायकांसाठी वैद्य हवी होती आणि वाचन ऐकूनच ते जागा देणार होते. ती जागा मला हवी होती, अगदी जिवापाड. विजयमालेचा प्रबंध दुसरा आला. तिने हसून माझी पाठ थोपटली, तर मला वाटलं, हिला मेलीला वाईटसुद्धा कसं वाटत नाही!

निघायच्या दिवशी सकाळी विष्णुपंतांनी चंद्राबाईचा पाय पाहिला.

"थोडाच राहिलाय. उद्या सुटेल. विनोदिनी, तू निघालीस तर काडी कोण फिरवणार?"

"मी फिरवीन की," विजयमाला पटकन म्हणाली. "विनू, तू जा गं बिनघोर. चंद्राक्काला माझी सवय हाय."

विष्णुपंतांनी जरा विचार केला. "एवढ्यापुरतं चालेल," ते म्हणाले.

चालेल? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस काडी मी फिरवायची आणि शेवटचा वेढा हिने घ्यायचा? नारू सुटणार, चंद्राबाई हिच्या गळ्यात पडणार, सगळ्या बायका हिचं कौतुक करणार. सांगली माझ्या डोळ्यांपुढून पार पुसली गेली.

"मी जात नाही," मी म्हणाले. "नियम म्हणजे नियम. विजयमालेचा प्रबंध वाचला जाऊ दे."

विष्णुपंतांचे डोळे भरून आले. "वैद्य असावा तर असा," असं ते सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले. विजयमालेने माझा दंड धरला. "येडी का काय तू? ती जागा घालवतीस?" मी दंड सोडवून घेतला. दुपारी कोळशाच्या गॅसवर चालणारी सर्व्हिस मोटार धूर सोडत तिला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी नारू सुटला. अखंड, कुठेही न तुटता. चंद्राबाईने आधी पायाकडे पाहिलं, मग काडीकडे, आणि रडता रडता हसायला लागली. मी वाट बघत राहिले. आता ती माझं नाव घेईल, मला जवळ ओढेल, आणि सगळी खोली ते बघेल.

"बाईसाहेब, लय उपकार झालं तुमचं," ती डोळे पुसत म्हणाली. "पर ह्यो बाटलीत घालून ठिवा. माळाला दावायचा हाय."

"तिला कशाला?"

"आवं, म्या तर तुमास्नी हातच लावू देत न्हवते. तीच रोज कानाशी लागायची, चंद्राक्का, विनूचा हात लय हलका हाय, तिच्याम्होरंच पाय कर. तिचं ऐकलं म्हनून आज उभी ऱ्हायले."

म्हणजे माझी म्हणून जपलेली ही एकटी बाईसुद्धा तिनेच मला दिलेली. आणि मी तिच्या पदरात टाकली होती सांगलीची जागा.

मी बाटली आणायला उठले. इतका राग मला जन्मात कुणाचा आला नव्हता, आणि तो काढायला ती साताऱ्यात नव्हती.