साध्या गाठीचं नाव

दत्तोबांच्या डोक्यात 'साधी गाठ' आहे, असं धायरीतलं अख्खं घर त्यांना आठ महिने सांगत होतं. ऑपरेशन झालं, कर्करोग विभागाच्या पाटीखालून जाऊन तीस वेळा रेडिएशनचा शेक घेऊन झाला, तरी गाठ आपली साधीच. थोरला विक्रम प्रत्येक डॉक्टरला दाराबाहेर गाठायचा, "आबांना काय सांगू नका." पोटात माया होती, नाही असं नाही. पण सातबारे वाचण्यात जन्म गेलेला बाप एक पाटी वाचणार नाही, असं या पोराला वाटलंच कसं, याचा दत्तोबांना संताप यायचा.

गाठ परत वाढली. आता नव्या औषधाची चाचणी होती, माणसांवर पहिल्यांदाच. माहितीचे कागद विक्रमनं गाडीच्या डिकीत लपवले होते. दत्तोबांनी ते काढून दोनदा वाचले आणि जागच्या जागी ठेवले.

संमती कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. डॉक्टर शेफालींनी विचारलं, "तुम्हाला काय आजार आहे, तुमच्या शब्दांत सांगा."

"साधी गाठ आहे," विक्रम मध्येच बोलला.

शेफालींनी कॅमेरा बंद केला. "पेशंटनंच सांगायचं. आजारच माहीत नसेल, तर मला यांना चाचणीत घेता येणार नाही."

"मग नका घेऊ. चला आबा, घरी."

दत्तोबा हलले नाहीत. "बाई, चालू करा ते."

जीभ जड झाली होती, म्हणून ते सावकाश बोलले. "मला कॅन्सर हाय. मेंदूचा. कापला, शेकला, तरी परत आला. ह्या औषधाचा डोस किती सोसतोय ते बघायचंय. मला गुण येईलच असं न्हाई. बरोबर?"

"बरोबर. त्रासही होऊ शकतो. कुणी दबाव आणलाय तुमच्यावर?"

"आणलाय की. ह्यानं. न्हाई म्हणा म्हणून."

विक्रमचा आवाज चढला. "गुणच नाही तर कशाला, आबा?"

"ते मी ठरवीन. आठ महिनं माझ्या मरणाच्या गोष्टी माझ्याच घरात, माझ्या पाठीमागं. बास झालं."

उजवा हात चालत नव्हता, म्हणून त्यांनी डाव्या हातानं वेडीवाकडी सही ठोकली. मग लेकाकडे वळले.

"आता तू बोल. तुझ्या बापाला काय झालंय?"

"यांचं रेकॉर्डिंग लागत नाही," शेफाली म्हणाल्या.

"मला लागतंय."

विक्रम खाली बघत म्हणाला, "कॅन्सर." आणि लहान पोरासारखा रडला.

दत्तोबांनी त्याला रडू दिलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच दोघं एका बाजूला बसले होते.