सावलीतली जागा

फुल्हेन्सियोने काठीचा टोला स्वतःच्याच ब्राँझच्या गुडघ्यावर हाणला. झटका उलटा मनगटात आला आणि राग आणखीच चढला.

"आजोबा, मारू नका! वारसा आहे तो!" गाइड पोरगी ओरडली.

"वारसा गेला खड्ड्यात! मी अजून जिवंत आहे!"

तोर्रेमुदाच्या नगराध्यक्षाबाईंचं म्हणणं साधं होतं. पर्यटकांना चौकातल्या बाकावर बसलेला म्हातारा हवा असतो. खरा म्हातारा मात्र जेवायला घरी जातो, शिंकतो, लोकांच्या अंगावर खेकसतो. म्हणून त्यांनी फुल्हेन्सियोचा पुतळा करवला आणि सावलीच्या बाजूला, नेमका त्याच्याच जागेवर, बोल्ट मारून बसवला. बाक दोघांपुरताच. उरलेली जागा त्याच्या जुन्या सोबत्याची, आनिसेतोची.

या दोघांचं उभ्या जन्मात एका गोष्टीवर पटलं नव्हतं: समोरचा पूल. फुल्हेन्सियो म्हणे, रोमन लोकांनी बांधला. आनिसेतो म्हणे, माझ्या आजाने. सकाळी भांडण, दुपारी जेवण, संध्याकाळी उरलेलं भांडण.

आता फुल्हेन्सियो चौकावरच्या आपल्या घराच्या वरच्या खिडकीत दातओठ खात बसे आणि खाली आनिसेतो पुतळ्याला सुनावत असे.

"माझ्या आजानेच बांधला. बोल की! बघा, गप्प बसलाय. म्हणजे कबूल."

"हरामखोर," फुल्हेन्सियो खिडकीचा गज पिळत पुटपुटे, "धातूला हरवतोय."

आठवडाभर आनिसेतो असाच जिंकत राहिला. मग त्याचा आवाज उतरत गेला. पुतळ्याला कोपराने डिवचायचा आणि नुसता वाट बघायचा.

रविवारी गाइड पोरगी पर्यटक घेऊन आली. "हे फुल्हेन्सियो. फार शांत स्वभावाचे होते."

"होते?" आनिसेतो ताडकन उठला. "आणि शांत? अगं, कुत्र्यासारखा भुंकायचा माझ्यावर! आणि बरोबर भुंकायचा. पूल रोमनच आहे. सांग या सगळ्यांना!"

वर फुल्हेन्सियोचा कॉफीचा पेला ओठांपाशीच थांबला. मग खिडकी भिंतीवर आपटली.

"खोटारड्या! तुझ्या आजाने बांधलाय तो! अख्ख्या गावाला माहीत आहे!"

"मला नको शिकवूस, पुतळ्या!"

"थांब, खाली येतो!"

एका हातात काठी, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातली खुर्ची, पायरीपायरीला शिव्या देत तो उतरला. खुर्ची त्याने आनिसेतोच्या शेजारी, भर उन्हात आदळली आणि बसला.

आनिसेतोने त्याच्याकडे न बघताच आपली टोपी काढली आणि त्याच्या टकलावर दाबून बसवली.

"रोमन," तो म्हणाला.

"आजा," फुल्हेन्सियो गुरगुरला.