एक्केचाळीस नंबरची जागा

पत्रातलं तिसरं वाक्य अंतराने स्वतः लिहिलेलं होतं. शब्द न् शब्द तिचा. ‘रुहाधू बेटाची जमीन भरतीच्या रेषेपासून अवघी अकरा सेंटिमीटर उंच आहे.’ चौथं वाक्य मात्र तिचं नव्हतं. ‘त्यामुळे या बेटाला संरक्षक भिंत बांधून उपयोग होणार नाही, सर्व रहिवाशांना मोठ्या बेटावर हलवावं, अशी समितीची शिफारस आहे.’

भिंतीच्या निधीसाठी केलेल्या अर्जावर आलेलं समितीचं पत्र अबूबकरने वाचून संपवलं आणि तो खुर्चीत बसला. दोह्यातल्या एका शाळेत तो भूगोल शिकवतो. मूळचा मालदीवचा. त्याच्याच वर्गात दर शुक्रवारी सकाळी रुहाधूच्या भिंतीसाठी झटणाऱ्या त्यांच्या गटाची बैठक भरायची. आज पत्र येणार म्हणून कुणीतरी बकलावा मिठाईचा मोठा डबा आणला होता, आणि झाकण उघडूनही ठेवलं होतं. आता ते कुणीतरी हळूच लावलं.

नबीला पहिल्या बाकावर होती. रुहाधू तिचं गाव. जेमतेम साडेतीनशे माणसं, एक मशीद, एक शाळा. तिची आई तिथे राहते. वडिलांची कबर मशिदीच्या मागे आहे. नबीला इथे एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. गेले आठ महिने कामावरून सुटली की ती फक्त या भिंतीचाच विचार करत होती. तिने वळून अंतराकडे पाहिलं आणि हिंदीत विचारलं, “हे अकराचं वाक्य तुझं आहे ना?”

“हो,” अंतरा म्हणाली.

“मग यांनी तेच का उचललं?”

अंतराने पत्र ओढून घेतलं आणि तो आकडा पुन्हा वाचला. पुण्यातून भूशास्त्रात एमएस्सी करून ती दोन वर्षांपूर्वी दोह्यात आईबाबांकडे आली होती, आणि या गटाचे आकडे तीच सांभाळायची. आकडा चुकला की तिला रात्री झोप येत नसे. आणि हा आकडा चुकलेला नव्हता. मोजलेला होता. मग झालं काय?

“हरकत घ्यायला दहा दिवस दिलेत,” अबूबकर म्हणाला. “पण हरकत कशाची घ्यायची? आपणच लिहून दिलंय.”

मोजणीची गोष्ट अशी. गेल्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मखराचा चौथरा बांधायला धोंडीराम नावाचा गवंडी आला होता. बार्शीकडचा माणूस, आता हमद पोर्टवर मुकादम. त्याने खिशातून काही यंत्र काढलं नाही. पारदर्शक लेव्हल पाईप काढला, त्यात पाणी भरलं आणि वीस फुटांवरच्या दोन कोपऱ्यांत दोन मिलिमीटरचा फरक पकडून दाखवला. अंतरा बघतच राहिली. रुहाधूची नेमकी उंची कुठल्याच नकाशावर नव्हती, आणि मोजणीवाले बोलावणं गटाला परवडणारं नव्हतं. तिने तिथेच धोंडीरामला विचारलं, “काका, या पाईपने अख्खं बेट मोजता येईल?”

“पाणी हाय म्हटल्यावर न्हाई का यायचं?” धोंडीराम म्हणाला होता.

मग नबीला हिवाळ्यात सुट्टीवर गेली तेव्हा वीस मीटर पाईप घेऊन गेली. शाळेतली मुलं पाईप धरायची, नबीला आकडा वाचायची आणि धोंडीराम इकडे कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत फोनवर ऐकून वहीत लिहायचा. त्याची साइटवरची सवय होती: फोनवरचा आकडा समोरच्याने एकदा, आपण एकदा म्हणायचा, मगच लिहायचा. चौसष्ट जागा. चार शुक्रवार.

समितीच्या अर्जात एक रकाना होता: जमिनीची प्रातिनिधिक उंची. अंतराने चौसष्टातला सगळ्यात कमी आकडा तिथे भरला होता. तिच्या बाबांनीच तसं सुचवलं होतं. बाबा मेसईदच्या एका खतकारखान्यात सुरक्षा विभागात आहेत. आकड्याबद्दल किंचित जरी शंका असली तरी वाईटातला वाईट आकडा धरायचा, हे त्यांच्या घरात मीठ-मिरचीसारखं होतं. विमानतळावर तीन तास आधी जायचं, दुधाची पिशवी तारखेच्या दोन दिवस आधी संपवायची. सरासरी खाली तळटीपेत दिली होती. ती तळटीप पत्रात कुठेच नव्हती.

बाबा तिला न्यायला आले तेव्हा दुपारचे बारा वाजत होते. गाडीत बसल्यावर तिने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं.

“असं कसं?” बाबा म्हणाले. “आपण तर धोका नीट दाखवला होता.”

“बाबा, प्लांटमध्ये तुम्ही वाईटातला वाईट आकडा धरता. तो हद्दीबाहेर गेला तर काय करता?”

“काय करणार? प्लांट बंद करतो. माणसं बाहेर—”

ते तिथेच थांबले. सिग्नल हिरवा झाला होता, मागची गाडी हॉर्न देत होती, तरी त्यांचा पाय ब्रेकवरच होता.

“माणसं बाहेर काढतो,” त्यांनी वाक्य पुरं केलं. आवाज अगदी खाली गेला होता. “अगं, मी हे तुला सांगितलं. मीच सांगितलं.”

“लिहिलं मी,” अंतरा म्हणाली. “चला, धोंडीरामकाकांकडे जाऊ. मला मूळ वही बघायचीय.”

वाटेतून फोन केला होता, त्यामुळे कॅम्पबाहेरच्या टपरीवर धोंडीराम आधीच उभा होता. शुक्रवारची धुतलेली लुंगी, हातात इथल्या घट्ट, दुधाळ करक चहाचा ग्लास आणि काखेत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही. त्याने बाबांना नमस्कार केला, दोन चहा सांगितले आणि पत्राचा मजकूर ऐकून घेतला.

“अकरा?” तो म्हणाला. “ताई, ह्यो आकडा कुठनं घेतला?”

“तुमच्याच वहीतून. एक्केचाळीस नंबर.”

धोंडीरामने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला, बोट लुंगीला पुसलं आणि वहीचं पान उलटलं. “हे बघा. एक्केचाळीस. अकरा. अन् पुढं वाचा की.”

अंतराने वाचलं. आकड्याच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्या ठसठशीत अक्षरात एकच शब्द होता: अळू.

तिला काही कळेना. “अळू म्हणजे?”

“अळू म्हंजे अळू. भाजीचं. नबीलाताईनं सांगितलं, पोरं आता खड्ड्यात उतरलीत, आईच्या अळवात. त्यांच्यात अळू खड्ड्यात लावत्यात. खाली गोडं पाणी लागंपत्तूर खणायचं अन् तळाला लावायचं. म्या म्हटलं, खड्डा कशाला मोजता? तर म्हटली, अंतरानं सांगितलंय, एक कोपरा सोडू नका.”

टपरीवाल्याने चहा पुढे केला. अंतराने तो घेतला नाही. तिच्या फोनमध्ये या पानांचे फोटो होते. तिने ते उघडले. चौसष्ट आकडे, स्वच्छ, सरळ. शेऱ्याचा रकाना एकाही फोटोत नव्हता. टाइप करताना मध्ये येतो म्हणून तिनेच तो कापला होता.

साडेतीनशे माणसांच्या बेटाची उंची म्हणून तिने एका म्हाताऱ्या बाईच्या अळवाच्या खड्ड्याचा तळ लिहून दिला होता.

“पुढचा कमी आकडा किती?” बाबांनी विचारलं.

“बावन्न.” तिला वहीत बघावं लागलं नाही. “सरासरी पंच्याऐंशी. पत्रात समितीची हद्द पन्नासची लिहिलीय, त्याखाली भिंत मिळत नाही. बाबा, बाकी सगळे आकडे बावन्न किंवा त्याच्या वर आणि एकटा अकरा. कॉलेजात मी दुसऱ्या कुणाच्या तक्त्यात हे बघितलं असतं तर पहिल्यांदा तोच आकडा खोडला असता.”

“मग तेव्हा नाही दिसलं?”

दिसलं होतं. हे तिने बाबांना सांगितलं नाही, पण स्वतःपाशी तिला नाकारता येईना. द पर्लवर, दोह्यातल्या समुद्रकाठच्या फिरायच्या जागी, त्यांनी परवानगी काढून सह्यांचा स्टॉल लावला होता. तिथे तिने कॅनव्हासच्या भिंतीवर जमिनीपासून अकरा सेंटिमीटरवर निळी पट्टी चिकटवली होती. आइस्क्रीम खात फिरणारी माणसं थांबायची, पट्टीशेजारी आपला बूट लावून बघायची आणि “एवढंच?” म्हणून पेन हातात घ्यायची. पंच्याऐंशीची पट्टी माणसाच्या मांडीपर्यंत येते. तिच्यापुढे कोण थांबलं असतं? अकरा तिला आवडला होता, म्हणून तिने त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता.

“धोंडीरामकाका, ही वही मला द्याल?”

“घ्या की. पर ताई, फोटू काढायचा तर अख्ख्या पानाचा काढा.”

शनिवारी सकाळी तिने हरकत लिहून काढली. चूक कुणाची, कशी झाली, शेऱ्याचा रकाना का गेला, हे सगळं पहिल्या परिच्छेदात, स्वतःच्या नावानिशी. अबूबकर म्हणाला, एवढं कशाला उघड करतेस, नुसता नवा आकडा पाठव. ती म्हणाली, नुसता आकडा पाठवूनच हे झालंय. मग तिने नबीलाला फोन करून खड्ड्याची गोष्ट सांगितली.

“म्हणजे आईच्या अळवामुळे?” नबीलाने विचारलं.

“अळवामुळे नाही, माझ्यामुळे.”

“पण त्या खड्ड्यामुळे.”

“तो आकडा त्या खड्ड्याचा होता, हो.” अंतराने घाईत म्हटलं, आणि फोन ठेवून वहीची पानं स्कॅन करायला घेतली.

समितीचं उत्तर बुधवारी दुपारी आलं. अंतराने ते उभ्यानेच वाचलं. हरकत दाखल केली आहे. आमचा मोजणी करणारा माणूस पंधरा दिवसांत बेटावर येईल. एक्केचाळीस क्रमांकाची जागा खड्डा असल्याची त्याने प्रत्यक्ष खात्री केली, तर तो आकडा वगळून शिफारसीचा फेरविचार होईल. तोपर्यंत ती जागा आहे तशी ठेवावी.

ती अक्षरशः धावत नबीलाच्या दवाखान्यात गेली. नबीला जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या बाकावर बसली होती. अंतराने तिच्यापुढे फोन धरला. नबीलाने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

“काय झालं? अगं, ही चांगली बातमी आहे!”

नबीलाने आपला फोन काढून सकाळी आलेला व्हिडिओ लावला. माडांच्या मधली मोकळी जागा. पंधरावीस बायका, डोक्यावर टोपल्या, ओळीने येतायत आणि पांढरी वाळू ओततायत. मुलं ती पायांनी दाबतायत. खड्डा कुठेच नव्हता. होती ती सपाट, पांढरी, नवी जमीन. शेवटी एक म्हातारी बाई कॅमेऱ्याकडे बघून हसली आणि काहीतरी बोलली.

“काय म्हणतेय?”

“आई म्हणतेय, तुझ्या त्या हुशार मैत्रिणीला सांग, आता अकरा कुठेच नाही.” नबीलाने व्हिडिओ बंद केला. “मी आईला फक्त तू म्हणालीस तेच सांगितलं गं. पत्र मशिदीत वाचून दाखवलं होतं. खड्ड्याचं कळल्यावर सगळं गाव आईकडे बघत होतं. तिच्या सासूने लावलेलं अळू होतं ते. चार दिवस वाळू वाहिली त्यांनी.”

अंतरा बाकावर बसली. दुपारच्या उन्हात बाक तापलेला होता आणि तिला ते जाणवलंही नाही. मोजणीवाला येईल. त्याला सपाट जमीन दिसेल, ताज्या वाळूची. ‘जागा आहे तशी ठेवावी.’ खड्डाच दिसला नाही तर तो अकरा कशावरून वगळेल?

तिने धोंडीरामला फोन लावला. मागे क्रेनचा आवाज येत होता. तिने दोन वाक्यांत सांगितलं.

“आयला,” धोंडीराम म्हणाला. मग म्हणाला, “थांबा. त्यांच्याकडं सळई हाय का? बांधकामाची?”

“असेल. का?”

“नवी भर लपत न्हाई, ताई. जुनी जमीन सळईला अडवती, नवी भर अडवत न्हाई. आपुन पाया तपासतो तसंच. जिथं सळई सरळ खाली जाईल तिथं खड्डा व्हता. कडा बी सापडंल त्याची. मोजणीवाला काय खुळा न्हाई, त्याला दाखवलं की कळंल. फक्त आता कुणी त्याला हात लावू नका. पुन्हा खणू बी नका.”

नबीलाने आईला व्हिडिओ कॉल लावला. तिच्या चुलतबहिणीने फोन धरला. सळई शेजारच्या घराच्या बांधकामावरून आली. आधी माडाच्या बुंध्याशी रोवली. वीतभर जाऊन ती टणकन थांबली. मग नबीलाची आई पांढऱ्या वाळूच्या मधोमध उभी राहिली, दोन्ही हातांनी सळई धरली आणि दाबली.

सळई गेली. सुरीसारखी आत गेली. म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम पुसलं गेलं. आपण काय पुरलंय हे जणू तिला आत्ता हाताला लागलं होतं. सळई तळाला अडली तशी तिने बोटाने खूण धरली, ती उपसली आणि तिथल्या एका मुलीने टेप लावली.

“चौऱ्याहत्तर,” नबीला म्हणाली.

“चौऱ्याहत्तर,” अंतरा म्हणाली आणि मनातल्या मनात तिने बेरीज केली. अकरा आणि चौऱ्याहत्तर. पंच्याऐंशी. बायकांनी खड्डा बरोबर बेटाच्या सरासरीपर्यंत भरला होता. नजरेने. पाईपशिवाय.

नबीलाची आई अजून बोलत होती. नबीला अंतराकडे वळली.

“आई विचारतेय, अळकुड्या काढून ओल्या गोणपाटात ठेवल्यात. किती दिवस टिकायला पाहिजेत?”

अंतराला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांत माणूस येणार, मग फेरविचार, मग पुन्हा पत्र. ओल्या गोणपाटातली अळकुडी किती दिवस जगते, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. काहीतरी आकडा सांगावा असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं.

“त्यांना सांग, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “आणि विचार, त्यांच्या अंदाजाने किती.”

नबीलाने विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं. “महिना.”

अंतराने पिशवीतून वही काढली. चौसष्टव्या ओळीखाली रेघ मारली आणि या वेळी आकडा लिहायच्या आधी ती डावीकडून उजवीकडे थेट शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात गेली. तिथे तिने लिहिलं: इथे अळू होतं. वाळू गावाने भरली, माझ्या बोलण्यावरून. अळकुड्या महिनाभर टिकतील.

मग एक्केचाळीस. मग चौऱ्याहत्तर.