लल्ला वसीलाच्या दारचा ओटा

“पाय उचला,” लल्ला वसीला म्हणाली.

कंत्राटदार झुहेरनं निमूटपणे पाय उचलला. तिनं त्याखालून टेप सरकवली, टोक माझ्या हातात दिलं आणि भिंतीशी वाकली. जूनच्या उन्हात, भर रस्त्यात, कानावर चमेलीचा गुच्छ खोवलेला तो गुबगुबीत माणूस एका पायावर उभा. समोरच्या कॅफेतला पत्त्यांचा डाव केव्हाच थांबला होता.

“एक मीटर साठ. लिही, रिदा.”

मी लिहिलं. बीर झय्यानच्या नगरपालिकेत बावीस वर्षं मी हेच करतो. सभांची इतिवृत्तं लिहितो. ‘सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य माझा हात झोपेतही लिहील. आमचे नगरसेवक कामाच्या पाहणीला जातात म्हणजे काय करतात, तर कंत्राटदाराच्या घरी मटण घातलेलं कुसकुस हाणतात आणि मग सावलीतूनच रस्त्याकडे बघून ‘माशाल्लाह’ म्हणतात. ही बाई मात्र आधी पाहणी, मग जेवण म्हणून हटून बसलेली. बाकीचे दोघं सदस्य जेवायला पुढं गेले. माझ्या पोटात कावळे कोकलत होते, पण मला विचारतो कोण?

वसीला आमच्या गावची शिंपीण; आमच्याकडे बाईला मानानं ‘लल्ला’ म्हणतात, पुरुषाला ‘सी’. या दवाखान्याच्या रस्त्यावर तिची शेजारीण खड्ड्यात पडली आणि खुबा मोडून कायमची खाटेला खिळली, म्हणून ही निवडणुकीला उभी राहिली. निवडून आल्यावर तिला बांधकाम समिती दिली. शिवणकामवाली बाई, तिला काय कळतंय, गप्प बसेल, असा हिशेब होता. लेकाच्यांनी कधी तिच्याकडून कपडे शिवून घेतले नसावेत.

“नकाशात फुटपाथ दोन मीटर आहे, सी झुहेर.”

“चार बोटं इकडं तिकडं व्हायचीच, लल्ला.”

“तुमची बोटं भलतीच जाड दिसतात. तीस वर्षं लोकांची कापडं बेततेय मी. कापड कुणी खाल्लं ते मला सांगावं लागत नाही.”

तिनं पिशवीतून मोठी कात्री काढली, टोक फटीत घातलं आणि एक फरशी सहज उचलून बाजूला ठेवली. खाली दहा सेंटिमीटर काँक्रीट हवं होतं. नुसती वाळू होती, आणि वाळूत सिगारेटचं रिकामं पाकीट.

“हे पण नकाशात आहे का?” तिनं विचारलं. कॅफेत हशा पिकला.

झुहेर चिडला नाही. तो चिडणाऱ्यातला नव्हेच. त्यानं माझ्या हातातलं टेपचं टोक घेतलं आणि वीस पावलं पुढं जाऊन एका दारापाशी थांबला. दार वसीलाचंच. दाराबाहेर ओटा, आणि ओट्यावर तिचा नवरा तय्यब.

तय्यब गवंडी. अर्धं गाव त्याच्या हातचं. चार वर्षांपूर्वी डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून सकाळ झाली की वसीला त्याला या ओट्यावर आणून बसवते. लग्नाच्या वर्षी त्यानंच बांधलेला. कुणाच्या मुलीचं लग्न जमलं, कुणाचं ऑलिव्ह किती निघालं, कोण परदेशातून परतला, सगळं तिथं कळतं. खरं सांगू? गावाची खरी सभा तिथंच भरते, आणि तिथं कोरमचा प्रश्न येत नाही.

“तय्यबकाका, जरा पाय घेता?” झुहेर मधाळ आवाजात म्हणाला. मग मापून बघितलं. “पंचेचाळीस सेंटिमीटर. नगरपालिकेच्या जागेत. लिही, रिदा.”

माझं पेन जागच्या जागी थांबलं.

“लल्ला,” तो हळूच म्हणाला, “तुमचा अहवाल तुमच्या पिशवीत राहू द्या, माझी तक्रार माझ्या खिशात राहील. माणसानं माणसाला सांभाळून घ्यावं.”

वसीला टेप गुंडाळत राहिली, गुंडाळून झाली तरी गुंडाळत राहिली.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. समजूत घालायला, खोटं कशाला बोलू. फुटपाथ काय, आज ना उद्या सगळेच खचतात. तिनं माझ्यापुढं चहा ठेवला आणि मशीनवर बसली. सुईत दोरा ओवताना तिचा हात तीनदा चुकला.

“किती म्हणाला तो?” तय्यबनं विचारलं.

“पंचेचाळीस.”

“खोटारडा आहे. बेचाळीस. मी बांधलाय.”

“मग पाडायचा?”

“तू ठरवलं असशीलच.”

“तुला विचारतेय मी.”

“लग्नापासून कधी विचारलं नाहीस, आज उगाच सुरुवात कशाला?”

मी चहात तोंड घातलं. तिचे डोळे भरले होते.

“मला फार वाईट वाटतंय, तय्यब. तू बसणार कुठं?”

“घराला आतूनही जागा असते म्हणतात.” मग म्हणाला, “फरशीखाली काहीच नव्हतं?”

“वाळू.”

“आणि?”

“सिगारेटचं पाकीट.”

“माझ्या दारात?” त्याचा धड असलेला उजवा हात मांडीवर आपटला. ओट्याचं दुःख बाजूला राहिलं, हा अपमान त्याला सोसवेना. “लिही तुझ्या अहवालात. बेचाळीस लिही मात्र. त्या चोराचं माप लिहू नकोस.”

सभेत नगराध्यक्ष सी मोंसिफ यांनी घड्याळाकडे बघत विषय पुकारला. झुहेर मागच्या रांगेत, खिशावर हात ठेवून. वसीला उभी राहिली आणि वाचू लागली: “अतिक्रमण एक. माझ्या स्वतःच्या दारचा ओटा, बेचाळीस सेंटिमीटर. पाडावा. आता कंत्राटदाराच्या कामाबद्दल.”

झुहेरचा हात खिशावरून खाली आला. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कुसकुस खाऊन आलेले दोघं सदस्य टेबलाच्या लाकडाचं निरीक्षण करू लागले. पुढं फरशी, वाळू, पाकीट सगळं क्रमानं आलं. बिल अडवलं, फुटपाथ स्वतःच्या खर्चानं पुन्हा करून द्यायचा ठराव झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा सविस्तर चर्चा खरोखर झाली आणि ती लिहिताना माझा हात मोडायची वेळ आली.

सोमवारी पालिकेचे दोन गडी घण घेऊन आले. नोंद करायला म्हणून मलाही उभं केलं. तय्यबची खुर्ची उंबऱ्याच्या आत ठेवलेली. पहिला घाव बसला आणि घणच उलट उडाला. दुसरा, तिसरा, तेच. दहा वाजेपर्यंत एक टवका निघाला. तय्यब तोंडावर हात धरून हसू लपवत होता, पण डोळे काही लपत नव्हते.

“मधे नका मारू रे,” तो म्हणाला, “कोपऱ्यातून घ्या. मधे तुमच्या बापालाही जमायचं नाही.”

बाराच्या सुमाराला झुहेर आला. फुटपाथ नव्यानं करायचा होता ना. घाम गाळणाऱ्या गड्यांकडे तो बघत राहिला.

“काका, यात घातलंय तरी काय?”

“सिमेंट,” तय्यब म्हणाला. “नाव ऐकलंय का कधी?”

तीन वाजता ओटा फुटला. मधोमध मोठी चीर गेली आणि अर्धा भाग रस्त्यावर आडवा झाला. हसणं थांबलं. तय्यबनं वसीलाला हाक मारून गड्यांना चहा द्यायला सांगितलं, त्यात बदाम घालायला सांगितलं, आणि मग म्हणाला, “मला आत ने.”

महिन्याभरात फुटपाथ झाला. दोन मीटर, सगळीकडे. तय्यबच्या दारावरून तर आता हातगाडीही सुखानं जाते. मी एका संध्याकाळी कचेरीतून घरी निघालो होतो, डोक्यात भलतेच विचार, आणि तिथं आल्यावर सवयीनं बोलून गेलो, “सलाम आलेकुम, तय्यबकाका.”

समोर कोरी भिंत. मी ओशाळलो. इकडं तिकडं पाहिलं. तेवढ्यात आतलं शिलाई मशीन थांबलं, आणि दाराच्या पडद्यामागून तय्यबचा आवाज आला, “वालेकुम सलाम, रिदा. आईचा गुडघा कसाय?”

“बरा आहे, काका.” मी भिंतीलाच सांगितलं.

मशीन पुन्हा सुरू झालं. चार पावलं गेलो नाही तोच मागून पाववाला आला, त्यानंही भिंतीला सलाम केला. मशीन थांबलं. उत्तर आलं. मशीन सुरू झालं.