शिपायाची मूठ

टोपली आहे मी. बांबूची, कडेला दोन ठिकाणी शिवलेली, तळाला नव्या कामट्यांचं ठिगळ लावलेली. बडनेऱ्याच्या नाक्यावर, कापसाच्या बैलबंड्या आगगाडीच्या रुळांकडे वळतात तिथे, बाभळीखाली माझी जागा आहे. जाणारे-येणारे मला भिकेची टोपली म्हणतात. त्यांना एकदा ऐकवायचंच होतं, म्हणून आज बोलायला बसले आहे. मी भीक कधीच मागितली नाही, आणि हे पुरतं ऐकल्याशिवाय मला नाव ठेवायचा कोणाला हक्क नाही.

माझा बांबू मेळघाटातला. अमरावतीच्या तानुबाई बुरडिणीनं मला विणलं. तिला लहानशी टोपली सांगितली होती, पण तानुबाई कोणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती. दान घ्यायचं तर तोंड मोठंच हवं, लहान तोंडात कोणी हात घालत नाही, असं म्हणून तिनं मला ऐसपैस विणलं आणि पैसे मात्र लहान टोपलीचेच घेतले. माझा ताठा तिच्याकडूनच आलेला असणार.

मला विणून घेणारा खुशालराव. वलगावचा शेतकरी, पण उमेद होती तोवर एलिचपूरच्या पलटणीत हवालदार होता. सत्तावन्नच्या गदराच्या धामधुमीत ती पलटण नर्मदेपार गेली. खुशालराव परत आला तेव्हा त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. बोटांचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्याला खात होती ती दुसरीच गोष्ट. निघताना आसपासच्या गावांतल्या शिपायांनी एकमेकांना शब्द दिला होता, की जो परत येईल त्यानं न आलेल्याच्या चुलीकडे बघायचं. सात जण आले नव्हते. म्हणजे सात चुली.

एकट्या माणसाच्या शेतातून आठ चुली पेटत नाहीत. तेव्हा त्यानं मला उचललं आणि अमरावतीच्या कापूसबाजारात वजनाच्या काट्याशेजारी नेऊन ठेवलं. मापाला आलेल्या प्रत्येक बंडीतून एक मूठ कापूस, एवढंच मागणं. पैसे का मागत नाहीस, असं कोणीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "पैसा मागतला का मानूस हिसाब करते. मूठ मागतली का हात घालते."

आणि खरंच, हात घालत. पाचही बोटं उघडून, कापसात मनगटापर्यंत रुतवून माणसं मूठ भरत आणि माझ्यात टाकत. कोणी दोनदाही टाकी. लोक तिला शिपायाची मूठ म्हणू लागले. बाजाराच्या दिवशी त्या सात घरच्या बायका येत, कापूस वाटून नेत, घरी चरखीवर सरकी काढत, सूत कातत. सरकी म्हशीला जाई, सूत अकोल्याच्या कोष्ट्यांकडे. कोणी कोणापुढे हात पसरत नव्हतं. ज्याचा माणूस पलटणीत गेला आणि ज्या घरात कमावता हात उरला नाही, त्या घराचा माझ्यात वाटा. खुशालरावाचा नियम एवढाच होता.

त्या सातांत वलगावची सुभद्रा होती. तिचा नवरा जानराव. बाकी सहा जणांचं काय झालं ते कोणी ना कोणी डोळ्यांनी पाहिलं होतं. जानरावाला शेवटचं पाहिलं ते नर्मदेच्या पलीकडे, एका नाल्यात घोड्यांना पाणी पाजताना. त्यानंतर कोणालाच दिसला नाही. पलटणीच्या कागदावर तो बेपत्ता. जिवंत असता तर पगार आला असता, मेला असता तर पिन्शन. बेपत्ताच्या घरी काहीच येत नाही. म्हणून सुभद्रा, तिची सासू पार्बताबाई आणि दोन मुली यांना माझ्याशिवाय दुसरा आधार नव्हता.

सुभद्रा कपाळभर कुंकू लावी आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घाली. तिनं जगाला दाखवायला काही केलं असं मला कधी वाटलं नाही. ती वाट बघत होती, आणि वाट बघणारी बाई जशी राहते तशी राहत होती. काट्याचे अडते शालिकराम शेठ यांची बायको दरसाल माहेरी जाई, त्यामुळे दिवाळीच्या पाडव्याला हंगामाचा पहिला मुहूर्त करायला सवाशीण लागली की शेठ सुभद्रालाच बोलवत. ती काट्याला हळदकुंकू लावी, पहिल्या बंडीच्या बैलांना ओवाळी, मगच माप सुरू होई. असं तीन पाडवे चाललं.

त्याच सुमारास दूर कुठेतरी अमेरिका म्हणून मुलूख आहे, तिथे लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे दलाल उतरले. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या, कुडाच्या घरांना विटा आल्या. मला वाटलं, आता माझ्या पोटात काही मावेनासं होणार.

झालं उलटंच. भाव चढला तशा मुठी आवळल्या. पाच बोटांची मूठ तीन बोटांची झाली. पुढच्या हंगामात चिमूट. काही जण तर हात घातल्यासारखं करून नुसतीच बोटं झाडत, आणि मला दिसत नाही असं समजत! मला सगळं दिसतं. बायकोच्या नाकात नवी कोरी नथ असलेला माणूस चार तंतू टाकून 'धर्म झाला' म्हणतो, तेव्हा मला कामट्या उसवून त्याच्या तोंडावर माराव्याशा वाटतात.

त्यातच ज्वारी महागली. सगळ्यांनी कापूसच पेरला, खायचं कोण पिकवणार? आणि त्याच साली खुशालराव तापानं गेला.

शालिकराम शेठ माणूस वाईट नव्हते. नीटनेटके होते, आणि नीटनेटक्या माणसाच्या हाती दुसऱ्याचं दुःख गेलं की तो त्याला नियम लावतो. त्यांनी मला काट्याजवळून उचलून आपल्या दुकानाच्या ओट्यावर ठेवलं. अंगावर पांढरं फडकं टाकलं. कापूस कमी येतो, तेव्हा खऱ्या गरजवंतालाच मिळावा, असं ठरवलं. आणि खरी गरजवंत कोण, तर पांढऱ्या कपाळाची. ज्या बाईच्या कपाळी कुंकू तिचा धनी आहे, मग तिला धर्माचा कापूस कशाला?

सुभद्राची ओटी दोन बाजार रिकामी परत गेली. तिसऱ्या बाजाराला शेठनी तिला समजावलं. आवाज मऊच होता. सहा वर्षं झाली, गेला तो गेला. शास्त्रानं बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हे खरं. पण भटजी प्रायश्चित्त करून तेच आत्ता करून देतील, लाकडांचा खर्च दुकान करील. बांगड्या उतरव, कुंकू पूस, आणि हक्कानं मूठ ने. वर्षभराची ज्वारीही बांधून देऊ.

घरी सासू ज्वारीच्या कोंड्याची भाकर खाऊन पडलेली होती, धाकट्या मुलीच्या पायांना सूज आली होती. सुभद्रानं होकाराची मान हलवली. फडक्याच्या विणीतून मी ते पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. एका मुठीसाठी ही बाई आपला जिता नवरा जाळायला निघाली होती, आणि ती मूठ माझ्यात होती.

ठरलेल्या दिवशी ओट्यासमोर पळसाची पानं आली, भटजी आले. बाजाराचाच दिवस होता, बंड्यांची रांग लागलेली. धामणगावकडचा चंद्रभान नावाचा शेतकरी सगळ्यांत पुढे होता. सुभद्रा खाली मान घालून बसली होती आणि एक म्हातारी तिच्या बांगड्यांवर मारायला दगड शोधत होती.

तेवढ्यात पार्बताबाई आली. तिला घरीच ठेवलं होतं. वलगावाहून काठी टेकत, उन्हातून, तीन कोस चालत आली होती. आली ती थेट पानांच्या ढिगावर बसली.

"पोरगा माहा हाय," ती म्हणाली. "मेला का जिता, ते मी सांगन. शेठ नाई सांगनार."

शेठनी हात जोडले. आई, तुमच्याच पोटासाठी चाललंय, असं म्हणाले.

पार्बताबाईनं काठी काट्याकडे वळवली. "पाडव्याले त्या काट्याले कुकू लावाले हे सवाशीन चालली. तीन साल चालली. अन् मूठ द्याच्या वक्ती तुमाले ते पांढऱ्या कपाळाची पायजे काहून?"

बंडीवरून चंद्रभान खाली उतरला. तो शेठना म्हणाला, "थांबा. तिचा मानूस सहा सालाखालीच मेला असन, तं आमचे तीन मुहूर्त कोनाच्या हातानं झाले?"

रांगेत कुजबूज उठली. पहिल्या बंडीपासून शेवटच्या बंडीपर्यंत ती गेली, आणि परत येताना तिचा गलका झाला होता. विधवेच्या हातून हंगाम उघडला! कोणाचा बैल मेला होता, कोणाच्या गंजीला आग लागली होती, त्या सगळ्याची कारणं एका क्षणात सापडली. मुंबईचा दलाल हातातला नमुन्याचा कापूस खाली टाकून विचारू लागला, की अशा काट्याचं माप धरायचं की नाही. मागच्या दोन बंड्या तर वळल्यासुद्धा.

मी आयुष्यात इतकी हसले नाही. इतकी चिडलेही नाही. सात चुलींसाठी या माणसांना अर्धी मूठ सुटत नव्हती, पण अपशकुनाच्या भीतीनं अख्खी बंडी वळवायला तयार! सुभद्रा कुंकू लावते म्हणून तिला उपाशी ठेवलं, आणि आता त्याच कुंकवावर सगळ्यांचा हंगाम टांगलेला होता.

शेठनी काय करावं? ते ओट्यावर उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, की जानराव शिपाई जिवंत आहे, सुभद्राबाई अखंड सौभाग्यवती आहेत, मुहूर्त निर्मळ आहेत. भटजींनीही तसाच निर्वाळा दिला, दक्षिणा न घेता. मग शेठनी माझ्यावरचं फडकं ओढलं, दोन्ही हातांनी कापूस काढला आणि सुभद्रापुढे धरला.

सुभद्रा उठली. तिनं मघापासून कोणाकडे पाहिलं नव्हतं, आता पाहिलं. तो कापूस तिनं घेतला नाही. मला उचललं, शेठच्या हातातला कापूस पुन्हा माझ्यात टाकायला लावला, आणि म्हणाली, "टोपली दुकानाची नाई, शेठ. शिपायाइची हाय. वाटा आमी करू."

सासू पुढे, मी तिच्या सुनेच्या कमरेवर, अशा आम्ही बाजाराच्या मधून चालत निघालो. चंद्रभानाच्या बंडीपाशी सुभद्रा थांबली. काही मागितलं नाही, नुसती थांबली. त्यानं पाची बोटं उघडली. भीतीनं उघडली की शरमेनं, ते मला सांगता येणार नाही, पण मूठ भरलेली होती.

त्या दिवसापासून माझा कारभार बायकांचा. आधी अमरावतीच्या वेशीवर, आता रूळ आल्यापासून बडनेऱ्याला. तानुबाईनं माझा तळ दोनदा बदलला आणि माझ्यासारखीच दुसरी विणून अकोल्याच्या बाजारात पाठवली. तिकडेही पलटणीत गेलेले आहेत, तिकडेही चुली आहेत. पांढरं कपाळ, कुंकवाचं कपाळ, कोणी विचारत नाही. पार्बताबाई गेल्या साली वारली. मरेपर्यंत रोज ती लेकाचं ताट वाढी, आणि मग ते धाकट्या नातीला खायला घाली.

अमेरिकेतली लढाई कधीच थांबली. भाव कोसळला, शेंब्या सोनाराकडे परत गेल्या. आणि आता गंमत बघा, मुठी पुन्हा मोठ्या झाल्या आहेत. याचं कारण मला विचारू नका, ते तुमचं तुम्ही शोधा.

येत्या उन्हाळ्यात जानरावाला जाऊन बारा वर्षं भरतात. भटजी आत्ताच दोनदा बाभळीखाली येऊन गेले. आता शास्त्राची आडकाठी नाही, पुतळा करायला हरकत नाही, असं सांगून गेले. सुभद्रा कापूस वाटत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं, की बारा वर्षं शास्त्राची भरली, तिची नाही भरली. तो येईल असं तिला अजून वाटतं का, हे मला ठाऊक नाही. कदाचित तिलाही ठाऊक नसेल. पण ते ठरवायचं असेल तेव्हा ती ठरवील, आणि तोवर, आणि त्यानंतरही, माझ्यातला तिचा वाटा तिचाच.

म्हणून बंडीवाल्यांनो, तुम्हाला एकच सांगते. थांबायचं तर थांबा आणि पाची बोटं उघडून हात घाला. तुमच्यासाठी कोणी नर्मदेपार गेलं नव्हतं, हे मलाही कळतं. पोटासाठीच गेले होते ते. पण पोट मागे ठेवून गेले, ते इथे बसलेलं आहे. मूठ टाकण्याआधी सुभद्राच्या कपाळाकडे बघून हिला कशाला असं ज्याच्या मनात येईल, त्याचा कापूस मला नको. त्यानं बैल हाकावेत. वाट मोकळी आहे.